नास्तिक, ख्रिस्ती आणि पृथ्वीचा परीघ

१८९१ सालच्या फेब्रुवारी महिन्यात लंडनजवळ वोकिंग येथे चार्ल्स ब्रॅडलॉ यांचा अंत्यविधी झाला. ब्रॅडलॉ हे उघड नास्तिक, ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद आणि हिंदुस्थानचे कैवारी होते. १८८९ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाला ते मुद्दाम आले होते. त्यामुळे लंडनमधले हिंदी लोक त्यांच्या अंत्यविधीला गेले. त्यांत बॅरिस्टरीचा अभ्यास करणारे एकवीस वर्षांचे मोहनदास गांधीही होते.

परतताना स्टेशनवर घडलेला एक प्रसंग गांधींनी आत्मकथेत सांगितला आहे. एका कट्टर नास्तिकाने तिथल्या पाद्र्याला गाठले. ईश्वर आहे हे तुम्ही मानता ना, आणि पृथ्वीचा परीघ २८,००० मैल आहे हेही मानता ना, असे विचारून त्याने दोन्ही प्रश्नांना होकार मिळवला. मग तुमच्या ईश्वराचे आकारमान किती ते सांगा, असा त्याचा तिसरा प्रश्न होता. तो आपल्या दोघांच्याही हृदयात राहतो, असे पाद्र्याने उत्तर दिले. यावर नास्तिकाने विजयी मुद्रेने आजूबाजूच्यांकडे पाहिले आणि पाद्री गप्प राहिला. या संवादाने नास्तिकतेविषयी आपले प्रतिकूल मत अधिकच वाढले, असे गांधी लिहितात.

गंमत अशी, की त्या दिवशी एका नास्तिकाला अखेरचा मान द्यायला काही पाद्रीही आले होते, हे गांधींनीच नोंदवले आहे. तरी मनावर ठसा उमटला तो वाद घालणाऱ्याचा. (पृथ्वीचा परीघ सुमारे २४,९०० मैल म्हणजे ४०,००० किलोमीटर आहे. चूक त्या गृहस्थाची असो वा पस्तीस वर्षांनी लिहिणाऱ्या गांधींच्या स्मरणाची, विज्ञानाच्या नावाने वाद घालताना आकडे तपासून घ्यावेत हे बरे!)

‘नास्तिक’ हा शब्द आपल्याकडे पूर्वी वेदप्रामाण्य न मानणाऱ्यासाठी वापरत. इथे तो ईश्वर न मानणारा या अर्थाने घेतला आहे. अशा माणसावर ख्रिस्ती युरोपात मुख्य आरोप होता तो अविश्वासार्हतेचा. धार्मिक सहिष्णुतेचा पुरस्कार करणाऱ्या जॉन लॉक यांनीसुद्धा १६८९ साली नास्तिकांना त्या सहिष्णुतेतून वगळले. ज्याला ईश्वराचे भय नाही त्याच्या शपथेला आणि वचनाला काय किंमत, हा त्यांचा मुद्दा होता. ब्रॅडलॉ १८८० साली नॉर्दॅम्प्टनमधून निवडून आले तेव्हा हाच मुद्दा त्यांच्या आड आला. शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्यावी, अशी मागणी त्यांनी केली. ही सवलत मुळात क्वेकर पंथीयांनी, म्हणजे अतिशय श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांनी, मिळवलेली होती. ब्रॅडलॉंना ती नाकारली गेली. मग ते शपथ घ्यायला तयार झाले, तर नास्तिकाची शपथ निरर्थक म्हणून तीही घेऊ दिली नाही. पुनःपुन्हा निवडून येऊनही त्यांना १८८६पर्यंत आपली जागा मिळाली नाही. १८८८ साली त्यांच्याच प्रयत्नाने प्रतिज्ञेचा हक्क सर्वांना मिळाला.

हा समज आज मोजता येतो का? २०११ साली विल जर्वे, अझीम शरीफ आणि आरा नोरेंझायन यांनी कॅनडातील विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एक माणूस उभ्या गाडीला धक्का देऊन पसार होतो, पुढे सापडलेल्या पाकिटातले पैसे काढून घेतो, अशी गोष्ट त्यांना दिली. मग विचारले, अधिक संभाव्य काय? (अ) तो शिक्षक आहे, की (आ) तो शिक्षक आहे आणि नास्तिक आहे? दुसऱ्या गटाला ‘नास्तिक’ऐवजी ‘ख्रिस्ती’ हा शब्द दिला, आणखी एका गटाला ‘मुस्लिम’, आणखी एकाला ‘बलात्कारी’.

यात बरोबर उत्तर नेहमी (अ) हेच आहे. वर्गात संचाच्या आकृत्या काढणाऱ्या शिक्षकाला ते सांगायला नको. नास्तिक शिक्षकांचा संच हा शिक्षकांच्या संचाचा उपसंच आहे, तो मूळ संचापेक्षा मोठा कसा असेल? पण वर्णन मनातल्या साच्यात चपखल बसले की आपण हे विसरतो. म्हणून कोणत्या शब्दाला किती चुका होतात यावरून मनातला साचा दिसतो. ‘ख्रिस्ती’ या शब्दाला अगदी थोड्यांनी चूक केली. ‘नास्तिक’ या शब्दाला जवळजवळ निम्म्यांनी, म्हणजे ‘बलात्कारी’ या शब्दाला जितक्यांनी केली साधारण तितक्यांनी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासात भारतासह १३ देशांतील तीन हजारांवर लोक होते. या वेळी गोष्ट एका खुन्याची होती. बहुतेक देशांत कल तोच दिसला, आणि तो स्वतः नास्तिक असलेल्यांमध्येही दिसला.

उलट बाजूचा साचा म्हणजे ख्रिस्ती माणूस विज्ञानात कच्चा. याला खतपाणी घालण्यात आपल्यासारख्या विज्ञानप्रेमींचा हात मोठा आहे. कोलंबसाला पाद्र्यांनी ‘पृथ्वी सपाट आहे’ म्हणून विरोध केला, ही गोष्ट वॉशिंग्टन अर्व्हिंग यांनी १८२८च्या कोलंबस-चरित्रात रंगवली. पुढे १८७४ साली ड्रेपर यांच्या धर्म-विज्ञान संघर्षावरील पुस्तकाने अशा कथांना इतिहासाचा दर्जा दिला. प्रत्यक्षात तेराव्या शतकापासून युरोपच्या विद्यापीठांत साक्रोबोस्को यांचे जे पुस्तक शिकवत, त्यात पृथ्वी गोलच आहे. गॅलिलिओवरचा खटला खरा आहे, तो कोणी नाकारत नाही. पण खऱ्या गोष्टीसोबत खोटीही खपते.

याचा परिणाम काय होतो? किंबर्ली रिओस यांनी वर उल्लेखलेल्या शरीफ यांच्यासह अमेरिकेत केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती लोक विज्ञानात कमी असतात, या समजाची जाणीव करून दिल्यावर ख्रिस्ती सहभागींची वैज्ञानिक तर्काच्या प्रश्नांतील कामगिरी इतरांपेक्षा घसरली. ती जाणीव नसताना फरक दिसला नाही. या जातीचे प्रयोग पुन्हा केल्यावर नेहमी तसेच निष्कर्ष देत नाहीत, तेव्हा एवढ्यावरून फार मोठे विधान आम्ही करणार नाही. पण ‘तुम्हा लोकांना विज्ञान काय कळणार’ हे ऐकत वाढणारे मूल त्या विषयापासून मनाने दूर जात असेल, यात शिक्षकाला नवल वाटू नये.

कोलंबसाचा धडा आला की एक साधे गणित फळ्यावर मांडून पाहावे. कॅनरी बेटांपासून पश्चिमेकडून जपान सुमारे ४,४०० किलोमीटरवर आहे, असा कोलंबसाचा हिशेब होता. खरे अंतर सुमारे १९,६०० किलोमीटर आहे. त्याने पृथ्वी लहान धरली आणि आशिया खंड पूर्वेकडे फार लांबवर पसरलेला मानला. अंतर याहून पुष्कळ जास्त आहे, असे त्याचे विरोधक म्हणत होते आणि त्यांचेच बरोबर होते. एवढ्या पल्ल्याचे अन्नपाणी त्या काळच्या जहाजात मावण्यासारखे नव्हतेच. वाटेत अमेरिका आडवी आली, म्हणून खलाशी वाचले.