नेम कुणाचा चुकतो – मुलीचा की रायफलीचा?

मैत्रिणींनो, आपल्या मुली आता गाण्याच्या क्लासला जाव्यात तशा नेमबाजीच्या रेंजवरही जाऊ लागल्या आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं. २०२४ मध्ये त्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून ऑलिंपिकचं ब्राँझपदक आणलं. कौतुक आहेच. पण गुण घसरले की बोलणी कुणाला बसतात? मुलीलाच! "लक्ष कुठं असतं तुझं?" हे वाक्य आपल्या जिभेवर तयारच असतं.

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलीचं असंच झालं. उन्हाळ्यात छान गुण, आणि पावसाळा लागताच गोळ्या इकडेतिकडे. घरचे म्हणाले, "पुरे झाली हौस." पोर रडकुंडीला आली. एका जाणत्या कारागिराने रायफल उघडली तेव्हा कळलं, दोष लाकडाचा होता.

तो कसा, पाहा. गोळी भरतात तो पोलादी भाग म्हणजे ॲक्शन. नळी त्यालाच जोडलेली असते. ही ॲक्शन लाकडी दस्त्याच्या खोबणीत बसवून खालून स्क्रूंनी आवळतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं. आपली दारं नाही का अडकत? खोबण जरा वाकडी झाली की ॲक्शन पोळपाटासारखी डुगडुगते, नाहीतर आवळताना पिळली जाते. मग दर बाराला ती केसभर निराळी बसते. ५० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं! तिथे केसभर म्हणजे पुष्कळच झालं.

यावर उपाय म्हणजे 'बेडिंग'. हिरडीचा साचा घेऊन कवळी करतात ना, तसंच हे. खोबणीतलं थोडं लाकूड कोरून तिथे अराल्डाईटच्या जातीचं एपॉक्सी भरतात आणि त्यात ॲक्शन अलगद बसवतात. ते वाळलं की ॲक्शनच्या अंगाबरहुकूम टणक बैठक तयार होते. पण वडी थापण्याआधी ताटाला तूप लावतो, तसा पोलादाला आधी मेणाचा हात हवाच. तो राहिला तर ॲक्शन दस्त्याला कायमची चिकटते! ॲक्शनची भोकं नि खाचाही मातीसारख्या मऊ लगद्याने बुजवतात. नाहीतर एपॉक्सी आत शिरून कुलूपच लागतं. वाळायला पुरा दिवस द्यावा, घाई करू नये.

हे काम घरी मात्र करायचं नाही हं! शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. तेव्हा परवानाधारक कारागिराकडेच जा. पहिल्यांदाच करून घेत असाल तर एवढं लक्षात ठेवा:

• आधी खात्री करा. रेंजवर, प्रशिक्षकांसमोर, रायफल रिकामी करून बोल्ट काढायला सांगा. नळी नि दस्ता यांच्या सांध्यावर बोट ठेवून पुढचा स्क्रू हळूच सैल करायला सांगा. बोटाला हालचाल जाणवली तर बैठकीत ताण आहे असं समजावं.

• नळी दस्त्याला न टेकणारी असेल, तर दोन्हींच्या फटीतून कागदाची पट्टी सरकवून पाहा. ती अडकली तर लाकूड नळीला टेकलं आहे.

• कामाच्या आधी आणि नंतर, एकाच जातीच्या गोळ्यांनी, टेकणावरून १०–१० बार काढून दोन्ही कागद शेजारी ठेवा. पैसे कारणी लागले की नाही, ते डोळ्यांना दिसेल.

• स्क्रू किती आवळले तो आकडा मुलीला वहीत लिहून ठेवू द्या. दर वेळी तेवढेच आवळायचे.

दस्ता ॲल्युमिनियमचा असेल तर लाकूड फुगण्याची भीती नाही, पण स्क्रूंचा नियम त्यालाही लागू.

आणि हो, हे दोन कागद शेजारी येईपर्यंत मुलीला एक शब्दही बोलू नका!