कृत्रिम गुडघ्याचें आयुर्मान

गुडघ्याचा सांधा बदलला तर तो किती वर्षें टिकतो, हा प्रश्न हल्लीं घरोघर ऐकूं येतो, आणि त्याचें ठराविक उत्तर 'पंधरा-वीस वर्षें' असें मिळतें. हें उत्तर खोटें नाहीं. पण विचारणाराचें वय ७० आहे कीं ५०, याची चौकशी न करतां दिलेलें असल्यानें तें फारसें उपयोगाचेंहि नाहीं.

ऑस्ट्रेलिया व फिनलंड येथील राष्ट्रीय नोंदींच्या आधारें 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानें २०१९ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकीं शेंकडा सुमारें ८२ पंचवीस वर्षें टिकतात. आंकडा दिलासा देणारा खरा. मात्र अशा नोंदींतील बहुतेक रोगी साठी-सत्तरीचे असतात. याच नियतकालिकांत २०१७ सालीं आलेल्या निबंधानें ब्रिटनमधील ५४,००० हून अधिक रोग्यांविषयीं निराळाच प्रश्न घातला होता : उर्वरित आयुष्यांत पुन्हां शस्त्रक्रियेचा प्रसंग किती जणांवर येईल? सत्तरी ओलांडलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ५ च्या आसपास निघालें. पन्नाशी नुकतीच उलटलेल्या पुरुषांत तें ३५ पर्यंत, आणि त्याच वयाच्या स्त्रियांत २० च्या सुमारास.

तरुण रोग्यास पुढें अधिक वर्षें काढावयाचीं असतात व तो चालतोहि अधिक. सपाट जमिनीवर चालतांना गुडघ्यावर देहाच्या वजनाच्या सुमारें अडीचपट भार पडतो. जिना उतरतांना तिपटीहून अधिक. दोन धातूंमध्यें बसविलेली पॉलिएथिलीनची चकती त्यानें झिजते, आणि तिच्या सूक्ष्म कणांमुळें भोंवतालचें हाड पोखरून सांधा ढिला होतो.

येथवर तर्क सरळ आहे. पण त्याच निबंधांतील आणखी एक आंकडा विचार करावयास लावणारा आहे. साठीच्या आंत सांधा बदललेल्यांपैकीं ज्यांना पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागली, त्यांतल्या निम्म्यांवर ती वेळ ४.४ वर्षांच्या आंतच आली. एवढ्या अवधींत चकती झिजून जात नाहीं. जंतुसंसर्ग, ताठरपणा, सांध्याची अस्थिरता, न थांबणाऱ्या वेदना अशीं कारणें तेथें असतात. म्हणून शस्त्रवैद्य वर्षाकांठीं असे किती गुडघे बदलतो, हें विचारण्यांत संकोच मानूं नये. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून अवघड असते, आणि तिचें फळहि सहसा कमी टिकतें. व्याकरणांतला सन्धि सोडवून पुन्हां जोडला तरी वर्ण शाबूत राहतात. येथें प्रत्येक वेळीं थोडें हाड जातें.

यास्तव पन्नाशीच्या रोग्यास वैद्य प्रथम वजन उतरविणें, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, आणि झीज एकाच बाजूस असेल तर नडगीचें हाड कापून भार दुसऱ्या बाजूस वळविणें, असे उपाय सुचवितात. ते योग्यच आहेत.

परंतु 'साठीपर्यंत कळ काढा' हा सल्ला आपल्या एकत्र कुटुंबांत वैद्याआधीं घरचींच माणसें देतात, आणि तोहि बहुधा सुनेला. भिंतीला धरून देवघरांतून उठणारी, रात्रीं वेदनेनें झोंप न लागणारी स्त्री दहा वर्षें थांबली, तर कृत्रिम सांध्याचें आयुष्य वांचतें. तिचीं मात्र तीं दहा वर्षें गेलीं. शिवाय स्नायू दुबळे व गुडघा ताठर झाल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेचा गुण कमी येतो. या हिशेबांत सासूसासऱ्यांच्या मतापेक्षां तिच्या स्वतःच्या मतास अधिक वजन असावें, असें मला वाटतें. निर्णय कांहींहि होवो, घरांत खुर्ची, उंच शौचपात्र व जिन्याला कठडा हीं आधींच आणावीं. नव्या गुडघ्यानेंहि मांडी घालून पाटावर बसणें अनेकांस साधत नाहीं.

शस्त्रक्रिया झाल्यावर बसविलेल्या सांध्याचें नांव व क्रमांक असलेली चिकटपट्टी कागदपत्रांत आहे कीं नाहीं, तें पाहून ती जपून ठेवावी. पंधरा वर्षांनीं गुडघा पुन्हां उघडण्याचा प्रसंग आला, तर आंत कोणत्या बनावटीचा सांधा आहे हें नव्या शस्त्रवैद्यास आधीं कळावें लागतें, आणि तोंवर जुने कागद रद्दींत गेलेले असतात.