बड्याच्या खिम्याचे गोळे, पिठावाचून

नागपूरच्या स्वयंपाकघरात गोळा म्हटला की आधी हरभऱ्याची डाळ आठवते. गोळाभातातले गोळे भरड डाळीचे, पाटवडी बेसनाची. खिम्याच्या कोफ्त्यातही भाजलेल्या डाळ्याचे पीठ मूठभर पडतेच. त्यामुळे डाळ, धान्य, दूध आणि साखर ही चारही वर्ज्य मानणारा आहार घरातल्या कोणी धरला, की कोफ्ता कशाने बांधायचा हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर मांसातच आहे. खिम्याला धरून ठेवते ते मांसातले प्रथिन. पीठ पाणी शोषते आणि मळण्यात राहिलेली कसर झाकते, एवढेच. ‘कोफ्ता’ हा शब्दही हेच सांगतो. त्याचे मूळ फारसी ‘कुफ्तन’ म्हणजे कुटणे या क्रियापदात आहे आणि त्या नावात पिठाचा मागमूस नाही.

अशा आहारांत सर्वांत गाजलेला म्हणजे अमेरिकेतला ‘होल थर्टी’. मेलिसा आणि डॅलस हार्टविग यांनी तो २००९ मध्ये सुरू केला. तीस दिवस साखर, गूळ, मध आणि कोणताही कृत्रिम गोडवा बंद. मद्य बंद. गहू, तांदूळ, ज्वारी, मका अशी सगळी धान्ये बंद, डाळी आणि कडधान्ये बंद, दूध, दही, पनीर, चीजही बंद. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, कंदमुळे, सुकामेवा आणि तेलबिया चालतात. भारतीय घराला दिलासा देणारी सवलत तुपाची आहे. कढवताना लोण्यातला दुधाचा अंश बेरीला बसतो आणि उरते ते निव्वळ स्निग्ध, म्हणून ते चालते. शेंगदाणा मात्र बाद होतो, कारण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो शेंगवर्गात, म्हणजे हरभरा-तुरीच्या घराण्यात मोडतो. सोयाबीनचेही तेच. विदर्भात घरोघरी सोयाबीन तेल असते, म्हणून काटेकोर पाळणाऱ्याला आधी तेलाचा डबा बदलावा लागतो.

पाश्चात्त्य पद्धतीच्या मीटबॉलमध्ये बहुधा दुधात भिजवलेला पाव, अंडे आणि किसलेले चीज असते. या नियमांत त्यातले अंडेच तेवढे टिकते. गोमांसाच्या त्या मीटबॉलला नागपुरात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे खुद्द मांसाची. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्याने गाईची कत्तल बंद झाली. बैल आणि वळू यांनाही तीच बंदी लावणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केली आणि मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ती लागू झाली. या बंदीत म्हैस आणि रेडा येत नाहीत. त्यामुळे नागपुरात ज्याला बीफ म्हणतात, ते कायदेशीर दुकानात म्हशी-रेड्याचे मांस असते. बोलीत त्याला ‘बड्याचे’ म्हणतात आणि बकऱ्याच्या मांसाला ‘छोट्याचे’.

मुस्लिम, ख्रिस्ती आणि दलित घरांत बड्याचे मांस पिढ्यान्‌पिढ्या शिजत आले, मराठी पाकपुस्तकांत मात्र त्याला जवळपास जागाच मिळाली नाही. शाहू पाटोळे यांच्या २०१५ साली आलेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघराची नोंद केली, तेव्हा उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, म्हणजे चान्या, छापील मराठीत मानाने आल्या. विदर्भातल्या अशा घरांच्या पाककृतीही याच काळजीने लिहिल्या जायला हव्यात. ज्यांना हे हाताच्या अंदाजाने येते ती पिढी आता वयस्क झाली आहे.

म्हशीचे मांस समजून घेतल्याशिवाय हा कोफ्ता जमत नाही. विदर्भाची स्वतःची नागपुरी म्हैस आहे. तिची तलवारीसारखी लांब शिंगे मागे वळून खांद्यापर्यंत जातात. जात कोणतीही असो, म्हशीच्या मांसाची काही लक्षणे ठरलेली आहेत. रंग गडद लाल, धागे जाड, आणि चरबी पिवळसर नव्हे तर पांढरीशुभ्र असते. चाऱ्यातल्या कॅरोटीनचे म्हैस पुरतेपणी जीवनसत्त्व ‘अ’ मध्ये रूपांतर करते. म्हणून तिच्या चरबीत आणि दुधातही पिवळेपणा उरत नाही. मांसाच्या धाग्यांमध्ये चरबी फार थोडी असते. आरोग्याच्या दृष्टीने हा गुण, कोफ्त्याच्या दृष्टीने दोष. नुसत्या पुठ्ठ्याच्या मांसाचा खिमा घेतला तर गोळे शिजल्यावर कोरडे, रबरासारखे होतात.

म्हणून खरी पाककृती दुकानात सुरू होते. अर्धा किलो खिम्यासाठी खांद्याचे किंवा छातीचे मांस मागावे, त्यावरचा पांढरा चिवट पडदा काढून टाकायला सांगावे आणि साठ-सत्तर ग्रॅम चरबी वेगळी घेऊन त्यातच घालून मागावी. चरबी नको असेल तर गोठवलेले तूप दोन मोठे चमचे, तेही किसून. हातचा खिमा चवीला उत्तम, पण त्याचे तुकडे मोठे राहतात. गोळ्यांसाठी मशीनचा, तोही दोनदा काढलेला खिमा बरा. मोमिनपुऱ्यातल्या दुकानांत सकाळी लवकर गेले तर मांस ताजे मिळते आणि मशीनही नुकतेच धुतलेले असते. मांसाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू असले तरी ते वरच्या थरात असतात आणि भाजताना मरतात. खिम्यात वरचा थर आत मिसळतो, त्यामुळे घाणेरड्या मशीनचा दोष गोळ्याच्या मध्यापर्यंत पोहोचतो. आधीच काढून ठेवलेला खिमा घेऊ नये, डोळ्यांदेखत काढून घ्यावा.

आता बांधण्याचे शास्त्र. मांसाच्या पेशींत मायोसिन नावाचे प्रथिन असते. साध्या पाण्यात ते विरघळत नाही, पण मिठाच्या पाण्यात सुटून बाहेर येते. मीठ घालून खिमा मळला की हे प्रथिन चिकट लेपासारखे प्रत्येक कणाभोवती बसते. पुढे उष्णता लागली की पन्नास-साठ अंशांपासून ते गोठू लागते आणि त्याची जाळी तयार होते. ती जाळी कणांना बांधते आणि रस व चरबी आत अडवून ठेवते. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर घट्ट होतो, तसाच हा प्रकार. मात्र मळताना खिमा गार असला पाहिजे. गरम झाला तर चरबी वितळून कणांना तेलकट करते आणि प्रथिनाचा लेप नीट बसत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो आणि स्वयंपाकघरातली परातसुद्धा तापलेली असते. अशा दिवसांत परात आधी फ्रिजमध्ये ठेवावी आणि मळायचे काम पहाटे उरकावे.

अर्धा किलो खिम्याला आठ ग्रॅम मीठ लागते, म्हणजे सपाट दीड लहान चमच्याला थोडे कमी. प्रथम नुसते मीठ लावून खिमा वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा. तोवर एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून त्यालाही चिमूटभर मीठ लावावे आणि दहा मिनिटांनी मुठीत घट्ट पिळावा. कांद्याचे पाणी हा पिठावाचूनच्या कोफ्त्याचा पहिला शत्रू आहे. पीठ असते तर त्याने ते शोषले असते. मग खिम्यात पिळलेला कांदा, एक मोठा चमचा घरी वाटलेले आले-लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची, दोन लहान चमचे मसाला आणि एक मोठा चमचा भाजून कुटलेली खसखस घालावी. खसखस ही तेलबी आहे, धान्य नाही, आणि उरलेला ओलावा धरायला ती पुरेशी आहे.

यानंतर तीन-चार मिनिटे मळावे, कणीक तिंबतात तसे तळव्याने दाबत, घडी घालत. सुरुवातीला खिमा सुटा, दाणेदार असतो. हळूहळू त्याचा पोत बदलतो, रंग किंचित फिका होतो, बोटे ओढली की बारीक तंतू दिसतात. परीक्षा सोपी आहे. सुपारीएवढा खिमा तळव्यावर थापावा आणि हात उलटा करावा. तो पडला नाही तर प्रथिन सुटले. पडला तर आणखी मिनिटभर मळावे. याच वेळी चिमूटभर खिमा तव्यावर भाजून मीठ-तिखट चाखून घ्यावे. गोळे वळून झाल्यावर चव दुरुस्त करता येत नाही.

कच्ची पपई घालण्याची सवय इथे आवरावी. पपईतले पपेन हे द्रव्य मांसातली प्रथिने तोडते. मोठ्या तुकड्यांच्या रस्स्यात ते उपकारक आहे, पण कोफ्त्यात ज्या मायोसिनच्या भरवशावर गोळा उभा राहायचा, तेच पपेन खाऊन टाकते. रात्रभर पपई लावून ठेवलेल्या खिम्याचा लगदा होतो आणि रस्स्यात टाकताच तो विरघळतो. दोनदा काढलेल्या खिम्याचे धागे आधीच तुटलेले असतात, त्याला पपईची गरजच नाही. अंडे घातले तरी चालते, पण नीट मळले असेल तर तेही लागत नाही.

पाण्याने हात ओले करून लहान लिंबाएवढे गोळे वळावेत. एवढ्या खिम्यात अठरा-वीस होतात. ते अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत.

रस्सा सावजी वळणाचा करता येतो आणि तो या आहाराला आश्चर्य वाटावे इतका जवळचा आहे. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून नागपूरभर पसरलेल्या या स्वयंपाकात ना दही असते ना साय. सुके खोबरे, खसखस, धणे, मिरे, लवंग, दालचिनी, मसाला वेलची, चक्रीफूल, जायपत्री, दगडफूल आणि लाल मिरची यांवर त्याचा डौल उभा असतो. जिल्ह्यातल्याच भिवापूरची मिरची मिळाली तर रंग आणि तिखटपणा दोन्ही साधतात. फक्त दोन गोष्टींकडे लक्ष हवे. सावजी रस्सा दाट करायला ज्वारीचे भाजलेले पीठ लावण्याची रीत आहे, ती इथे सोडावी लागते. त्याऐवजी खोबरे आणि भाजलेला कांदा थोडा जास्त वाटावा. दुसरी गोष्ट हिंगाची. बाजारातल्या पुडीत बहुधा हिंगाबरोबर गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. ज्याला गहू टाळायचा आहे त्याला हे धान्य चिमटीतून ताटात आल्याचे कळतही नाही. तयार मसाल्याच्या आणि आले-लसूण पेस्टच्या पाकिटांवरची घटकांची यादीही वाचून घ्यावी. इतवारीतून खडे मसाले आणून घरी भाजून कुटले की ही शंकाच उरत नाही.

गोळे आधी तुपात मध्यम आचेवर चारी बाजूंनी तांबूस करून घ्यावेत. वरची खरपूस चव याच वेळी येते, रस्स्यात उकळून ती येत नाही. मग तेल सुटलेल्या रस्स्यात ते एकेक करून सोडावेत. पहिली दहा मिनिटे चमचा लावू नये, पातेले कडेने धरून हलवावे. रस्सा खळखळू न देता मंद आचेवर झाकून तीस ते चाळीस मिनिटे ठेवावा. बकऱ्याच्या खिम्याला निम्मा वेळ पुरतो, पण बड्याच्या मांसातले चिवट बंध मऊ व्हायला धीर लागतो. खिम्याचा मध्यभाग किमान ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. एवढ्या वेळात तो त्यापुढे सहज जातो.

सोबत भाकरी किंवा भात चालत नाही. उकडलेला बटाटा, रताळे, लाल भोपळ्याची भाजी, काकडी आणि मुळा चालतो. हिवाळ्यात तुराट्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरीत, शेंगदाण्यावाचून केलेले, या गोळ्यांबरोबर फार छान लागते.

असा आहार पाळताना प्रमाणाचे भान हवे. डाळ आणि ज्वारी वाईट आहेत म्हणून तीस दिवस बंद असतात, असे समजणे चुकीचे आहे. काही काळ पदार्थ थांबवून नंतर एकेक परत आणायचा आणि कशाने त्रास होतो ते पाहायचे, ही त्यामागची कल्पना आहे. बहुतेकांना डाळीने काहीच अपाय होत नाही. तांबड्या मांसाचे प्रमाणही मोजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये तांबड्या मांसाला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवले, आणि आठवड्याला शिजवलेले साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम ही मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ सुचवतात. चार गोळ्यांची एक वाढणी, आठवड्यातून दोनदा, यात आरामात बसते. मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय धान्य-डाळी एकदम सोडू नयेत.

उरलेले गोळे रस्सा निवताच, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावेत, आणि उन्हाळ्यात तर तासाभरातच. तिथे ते तीन दिवस टिकतात. दुसऱ्या दिवशी रस्सा मुरून त्यांची चव वाढलेली असते.