पाणबुडी आणि हवेची मर्यादा : एक विवेचन

प्रस्तावना :
पाणबुडी किती खोल जाऊ शकते, हा प्रश्न सामान्यतः प्रथम विचारला जातो. तथापि युद्धोपयोगी पाणबुडीचे सामर्थ्य ती वर न येता किती काळ पाण्याखाली राहू शकते, यावर अधिक अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या मर्यादेचे व तीवरील उपायांचे विवेचन केले आहे.

मर्यादेचे स्वरूप :
बॅलास्ट टाक्यांत समुद्राचे पाणी घेतल्यावर पाणबुडी बुडते. दाबयुक्त हवेने ते बाहेर लोटले की ती वर येते. बुडण्याची क्रिया अशी सुलभ आहे. अडचण ऊर्जेची आहे. डिझेल इंजिनास ज्वलनासाठी हवा लागते. म्हणून पाण्याखाली पाणबुडी बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की तिला पृष्ठभागाजवळ येऊन, स्नॉर्केल नावाची नळी पाण्याबाहेर काढून इंजिन चालवावे लागते. त्या वेळी नळी रडारवर दिसू शकते व इंजिनाचा आवाज शत्रूच्या सोनारला टिपता येतो. लपून राहणे हेच जिचे बळ, तिला श्वासासाठी स्वतःला उघडे करावे लागते.

उपाय :
पहिला उपाय अणुऊर्जेचा. अणुभट्टीस ऑक्सिजनची गरज नसते. 1954 मध्ये सेवेत आलेली अमेरिकेची ‘नॉटिलस’ 1958 मध्ये बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोहोचली. मात्र हा मार्ग अत्यंत खर्चिक आहे.

दुसरा उपाय वायुनिरपेक्ष प्रणोदनाचा. अंबरनाथ येथील डीआरडीओच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने यासाठी फॉस्फोरिक आम्लाधारित इंधन घट विकसित केला आहे. यात हायड्रोजन साठवून न ठेवता पाणबुडीतच तयार केला जातो. सोबत नेलेल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन वीज व पाणी निर्माण होते. मार्च 2021 मध्ये जमिनीवर त्याची यशस्वी चाचणी झाली. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गातील सहा पाणबुड्या 2017 ते 2025 या काळात या प्रणालीविनाच नौदलात दाखल झाल्या. प्रणालीचा भाग बांधून पाणबुडीत बसविण्याचा करार डिसेंबर 2024 मध्ये झाला.

समारोप :
इंधन घटाची शक्ती मंद गतीपुरतीच पुरते; वेगासाठी बॅटरी लागतेच. त्यामुळे हा उपाय अणुऊर्जेची जागा घेत नाही. परंतु पृष्ठभागाजवळ येण्याचे प्रसंग तो कमी करतो, आणि पाणबुडीतील नौसैनिकांची सुरक्षितता त्याच प्रसंगांशी निगडित आहे.