प्राध्यापकांच्या संगणकात अडकलेला शोधनिबंध

ज्ञानाची किंमत : लेखांक ५

संशोधन-नियतकालिकांच्या वर्गण्या का वाढत गेल्या, हे गेल्या लेखात पाहिले. संशोधनाला पैसा बहुतांशी सरकार देते, निबंध प्राध्यापक लिहितात, तो तपासण्याचे काम दुसरे प्राध्यापक सहसा विनामोबदला करतात आणि छापून आल्यावर तोच निबंध वाचायला विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वर्गणी मोजावी लागते. एप्रिल २०१२मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या सल्लागार मंडळाने जाहीरपणे सांगितले, की काही मोठ्या प्रकाशकांच्या नियतकालिकांवर ग्रंथालयाचा वर्षाचा खर्च ३७ लाख ५० हजार डॉलरांच्या घरात गेला आहे आणि तो पेलण्यासारखा राहिलेला नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत विद्यापीठाची ही स्थिती असेल, तर इतरांची कल्पना करता येते. मग ग्रंथालयाने काय करायचे? या लेखाचे उत्तर असे : बाहेरचे ज्ञान विकत घेऊन आत आणणे हे ग्रंथालयाचे अर्धे काम झाले. आपल्याच विद्यापीठात तयार झालेले ज्ञान जगासाठी खुले करणे हे उरलेले अर्धे काम आहे. त्यासाठी लागणारे तंत्र, कायदा आणि माणसे या तिन्ही गोष्टी आवाक्यातल्या आहेत. कमी पडते ती प्रशासनाची इच्छा.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. निबंध तज्ज्ञांनी तपासून मान्य केला, की लेखकाजवळ त्याची अंतिम प्रत असते. प्रकाशकाने पानांची मांडणी करण्याआधीची ही प्रत. तिच्यातला मजकूर, आकडे, निष्कर्ष छापील निबंधातल्यासारखेच असतात. अनेक मोठे प्रकाशक ही प्रत विद्यापीठाच्या डिजिटल भांडारात ठेवू देतात; काही ताबडतोब, काही सहा महिने किंवा वर्ष उलटल्यावर. २००२च्या बुडापेस्ट घोषणेत खुल्या प्रवेशाचे, म्हणजे संशोधन कुणालाही मोफत वाचता येण्याचे, जे दोन मार्ग सांगितले होते, त्यांतला हा पहिला. यात लेखकाला एक रुपयाही शुल्क नाही. भांडार चालवायला लागणारी ईप्रिंट्स आणि डीस्पेस ही सॉफ्टवेअर साधारण पाव शतकापासून मोफत मिळतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२मध्येच असे भांडार उभे केले. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि गोवा विद्यापीठ यांचीही भांडारे आहेत. म्हणजे वाट कधीच तयार झाली आहे. तरीही बहुतेक मान्य प्रती प्राध्यापकांच्या संगणकातच पडून राहतात आणि संगणक बदलला की हरवून जातात.

असे का होते, याचे उत्तर अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अनुभवात सापडते. या संस्थेने २००५मध्ये आपल्या अनुदानावर झालेल्या संशोधनाची मान्य प्रत सार्वजनिक भांडारात ठेवण्याची विनंती केली. पुढच्या वर्षी अमेरिकी संसदेला दिलेल्या अहवालात प्रतिसाद चार टक्क्यांच्याही खाली होता. या विनंतीला विरोध करणारे फारसे कुणी नव्हते. प्रत ठेवायला लागणारी पाच-दहा मिनिटे मात्र कुणाला सापडत नव्हती. २००८मध्ये हीच गोष्ट कायद्याने बंधनकारक झाली आणि चित्र पालटले. पुढच्या काही वर्षांत बहुसंख्य निबंध जमा होऊ लागले. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाने त्याच सुमारास आणखी नेमका उपाय केला. तिथले तेव्हाचे कुलगुरू बर्नार्ड रेंतिए स्वतः विषाणुशास्त्रज्ञ. विद्यापीठाने ग्रंथालयामार्फत ‘ऑर्बी’ हे भांडार सुरू केले आणि नियम केला, की बढती किंवा अनुदानाच्या अर्जात फक्त भांडारात जमा झालेलेच लेखन मोजले जाईल. दंड नाही, धाक नाही; यादी कुठून काढायची एवढेच ठरवले. ज्या निबंधावर प्रकाशकाची मुदत होती, तो जमा करून बंद ठेवायचा आणि वाचकाने मागितला तर लेखकाने एका कळीसरशी पाठवायचा, अशीही सोय केली. ऑर्बी लवकरच जगातल्या भरगच्च संस्थात्मक भांडारांत गणले जाऊ लागले.

या उदाहरणांतून ग्रंथालयाची भूमिका स्पष्ट होते. नियम विद्यापीठाने करायचा, पण तो पाळणे सोपे करायचे काम ग्रंथपालांचे. प्राध्यापकांनी मान्य प्रत नुसती ईमेलने पाठवावी; कोणत्या प्रकाशकाची अट काय आहे ते तपासणे, निबंधाची वर्णनात्मक नोंद करणे, मुदत संपल्यावर तो खुला करणे हे सारे ग्रंथालयाने करावे. प्रकाशकांच्या अटींची माहिती शेर्पा रोमिओ या नावाने सुरू झालेल्या सूचीत एका ठिकाणी मिळते. तालिकीकरण आणि वर्गीकरण हा तर ग्रंथपालांचा पिढीजात हातखंडा. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांचा सारा रोख पुस्तकांच्या साठ्यापेक्षा त्यांच्या वापरावर होता. त्या परंपरेत वाढलेल्या ग्रंथपालांना हे काम परके वाटायचे कारण नाही. भारतात याचा पुरावाही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९च्या नियमावलीत पीएच. डी. प्रबंधाची डिजिटल प्रत देणे आवश्यक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’त आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. मराठी साहित्यावरचे, दुष्काळावरचे, लोककलांवरचे जे प्रबंध पूर्वी विद्यापीठाच्या एका कपाटात धूळ खात असत, ते आज तालुक्याच्या गावातला विद्यार्थी मोबाइलवर उघडतो. प्रबंधांचे जे झाले, ते निबंधांचे का होऊ नये?

यावर पहिला आक्षेप ताजा आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३००हून अधिक सरकारी संस्था. मग भांडारांची गरज काय? योजना मोलाची आहे. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयाला तिने जे मिळवून दिले, ते स्वतःच्या बळावर त्याला कधीच मिळाले नसते. पण ही अखेर वर्गणीच आहे. मुदत संपली की पुन्हा वाटाघाटी आणि पुन्हा रक्कम. शिवाय ती संस्थेच्या आत असलेल्यांसाठी आहे. पदवी घेऊन बाहेर पडलेला अभियंता, खेड्यात दवाखाना चालवणारा डॉक्टर, शेतकरी उत्पादक कंपनीचा सल्लागार, पत्रकार, स्वतंत्र अभ्यासक हे सगळे दाराबाहेरच राहतात. आणि भारतीय संशोधकाचा निबंध नैरोबीतल्या किंवा ढाक्यातल्या वाचकापर्यंत पोहोचवणे हा तर तिचा मुख्य उद्देशच नाही. योजना वाचण्याचा प्रश्न काही काळापुरता सोडवते. वाचले जाण्याचा प्रश्न भांडारच सोडवू शकते.

दुसरा आक्षेप कायद्याचा. प्रकाशकाशी करार केल्यावर प्रत खुली करणे हा हक्कभंग ठरेल, अशी धास्ती प्राध्यापकांना असते, आणि ती खोटी नाही. करार न वाचता सही करण्याची सवय सर्वत्र आहे. पण भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार निबंधाचा पहिला हक्कधारक सामान्यतः लेखकच असतो आणि हक्काचे हस्तांतर लेखी करारानेच होते. म्हणून सही करण्याआधीच काही हक्क राखून ठेवता येतात. हार्वर्डच्या कला व विज्ञान विद्याशाखेने फेब्रुवारी २००८मध्ये नेमके हेच केले. प्रत्येक निबंध लिहिला जातानाच विद्यापीठाला तो खुला करण्याचा मर्यादित परवाना मिळतो, असा ठराव प्राध्यापकांनी स्वतः एकमताने केला. एखाद्याला अडचण असेल तर मागताक्षणी सूट. प्रकाशकाशी भांडण्याचा भार एकट्या लेखकावर न टाकता संस्थेने तो उचलला. ग्रंथालयाने असा ठराव विद्या परिषदेपुढे नेणे आणि करारातली कलमे प्राध्यापकांना समजावून सांगणे, यात बेकायदा काहीच नाही.

तिसरा आक्षेप दर्जाचा आणि नियतकालिकांच्या भवितव्याचा. खुले म्हणजे सवंग, असा समज आपल्याकडे पक्का आहे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बनावट नियतकालिकांनी तो घट्ट केला. मात्र भांडारात येणारी मान्य प्रत त्याच परीक्षणातून गेलेली असते, ज्यातून छापील निबंध गेला. बनावट नियतकालिकांचा धंदा लेखकाकडून शुल्क उकळण्यावर चालतो आणि भांडाराच्या मार्गात शुल्कच नाही. उलट, विनाशुल्क वाट माहीत असलेला तरुण संशोधक त्या सापळ्यात अडकण्याची शक्यता कमी. सगळे खुले झाले तर वर्गणी कोण भरेल आणि परीक्षणाची व्यवस्था कशी टिकेल, या शंकेला भौतिकशास्त्राने उत्तर दिले आहे. १९९१मध्ये सुरू झालेले ‘आर्काइव्ह’ हे भांडार २००१मध्ये कॉर्नेल विद्यापीठात आले आणि अनेक वर्षे तिथल्या ग्रंथालयानेच ते सांभाळले. तिथे भौतिकशास्त्राचे निबंध छापण्याआधीच मोफत मिळतात, तरीही त्या विषयाची प्रतिष्ठित नियतकालिके तीन दशकांनंतर चालू आहेत.

चौथा आक्षेप सर्वांत खरा आहे : माणसे कुठून आणायची? अनेक विद्यापीठांत ग्रंथपालाची पदे रिकामी आहेत आणि जे आहेत त्यांच्यावर मूल्यांकनाच्या फाइलींचा ढीग आहे. हा आक्षेप बाजूला सारून चालणार नाही. पण याच फाइलींसाठी प्राध्यापकांच्या प्रकाशनांची यादी दरवर्षी नव्याने गोळा केली जाते. लिएजप्रमाणे ती भांडारातूनच काढली, तर एकाच श्रमात दोन कामे होतील. सुरुवात एका विभागाच्या चालू वर्षाच्या निबंधांपासून करता येते. जुना साठा नंतर. एक पद भरणे आणि बढतीच्या नियमात एक वाक्य घालणे, एवढी दोन पावले विद्यापीठाने उचलली तरी पुरे. ती न उचलण्याचा खर्च मात्र मोठा आहे. करदात्याच्या पैशाने झालेला भूजलाचा, ऊसरोगाचा किंवा कुपोषणाचा अभ्यास ज्यांच्या पाण्यावर, शेतावर आणि मुलांवर झाला, त्यांच्या गावात काम करणाऱ्यांनाच तो वाचता येत नाही.

पुढील लेखात : लेखकाकडून शुल्क घेऊन निबंध खुला करण्याच्या पद्धतीने कोणते नवे प्रश्न उभे केले आणि लॅटिन अमेरिकेने त्याहून वेगळी वाट कशी शोधली.