शेतकऱ्याचें घर, अंगण व विसावा : खर्चाचा क्रम कसा असावा

सुगी आटोपून माल बाजारांत जाऊन आला म्हणजे शेतकऱ्याच्या हातीं वर्षांतून एकदां, फार तर दोनदां, एकगठ्ठा पैसा येतो. बीं-बियाणें, खतें, सोसायटीचा हप्ता व मुलांच्या शिक्षणाचा खर्च वजा जातां जी शिल्लक उरते तिचें काय करावें, हा प्रश्न प्रत्येक घरांत निघतो. कर्त्या पुरुषास दर्शनी भिंत रंगवून घ्यावीशी वाटते; मुलांना मोठ्या पडद्याचा टी. व्ही. पाहिजे असतो, घरांतील बाई मात्र चुलीच्या धुराविषयीं व न्हाणीच्या सांडपाण्याविषयीं वर्षानुवर्षें बोलत असते, आणि तिचें बोलणें बहुधा सर्वांच्या शेवटीं ऐकिलें जातें. घरावर पैसा खर्च करणें म्हणजे चैन, असें आम्ही मानीत नाहीं. ज्या घरांत माणसें सुखानें निजतात त्याच घरांतून सकाळीं शेताला कामसू हात जातात. परंतु ह्या खर्चास कांहीं क्रम असला पाहिजे.

महसुली दप्तरांत आमचीं बरींच वर्षें गेलीं. त्या नोकरीनें एक संवय लाविली, ती ही कीं, कोणतीही रक्कम खर्ची टाकण्यापूर्वीं ती कोणत्या सदराखालीं पडते हें ठरवावयाचें. त्याच रीतीनें घरखर्चाचीं आम्ही चार सदरें पाडतों. पहिलें सदर घर राखणाऱ्या खर्चाचें, दुसरें प्रकृति राखणाऱ्या खर्चाचें, तिसरें पैसा किंवा श्रम वाचविणाऱ्या खर्चाचें, आणि चवथें मनास विसावा देणाऱ्या खर्चाचें. वरच्या सदरांतील निकडीचें काम शिल्लक असतां खालच्या सदरांत मोठी रक्कम घालूं नये, हा मुख्य नियम होय. त्याला अपवाद एकच. चवथ्या सदरांत दरवर्षीं थोडें तरी पडावेंच. तें कां, हें पुढें सांगूं.

पहिलें सदर : छप्पर व भिंती

घराचा पहिला शत्रु पाणी. तें वरून गळतें, बाजूनें झिरपतें व खालून चढतें. म्हणून छपराचें काम मृगाची वाट न पाहतां वैशाखांतच उरकावें. आपल्याकडे ज्यांना मंगळूरी कौलें म्हणतात त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या लोकांनीं १८६५ सालीं मंगळूर येथें काढला. तीं कौलें एकमेकांच्या खांचेंत बसत असल्यामुळें हलकीं पडतात व लवकर शाकारतां येतात. परंतु एक कौल फुटलें कीं त्याखालची रीप व वासा कुजूं लागतो. एका कौलाची किंमत ती काय! पण तें वेळीं न बदलल्यामुळें पुढें वासे बदलावे लागतात.

पत्र्याच्या छपरांत बहुतेक गळती स्क्रूच्या भोंकांतून होते. स्क्रू पत्र्याच्या उंच वळीवर मारावा, खोलगट भागांत कधींही मारूं नये. कारण पाणी खोलगट भागांतून वाहतें. स्क्रूखालीं रबराची चकती असावी. एक पत्रा दुसऱ्यावर बाजूनें दीड ते दोन वळ्या व टोंकाकडून निदान ६ इंच चढवावा. ज्यांच्या घरावर स्लॅब आहे त्यांनीं पावसाळ्यापूर्वीं पाणी जाण्याचीं तोंडें साफ करावीं आणि भेगेंत उगवलेलें वडा-पिंपळाचें रोप बोटाएवढें असतांनाच मुळासकट काढावें. माळवदाच्या घरांनीं उन्हाळ्यांतच पांढऱ्या मातीचा थर द्यावा.

मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करण्याची हौस अलीकडे फार बोकाळली आहे. मातीची भिंत ओल घेते व सोडते. तिच्यावर सिमेंटचें कवच बसविलें म्हणजे ओल आंत कोंडते, आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा मातीसकट सुटून येतो. मातीच्या भिंतीस मातीचा किंवा चुन्याचा गिलावाच योग्य. चुन्याची सफेदी करावयाची तर कळीचा चुना आदल्या दिवशीं पाण्यांत विरवून ठेवावा, फडक्यांतून गाळावा, त्यांत थोडा डिंक किंवा सरस मिसळावा, व पातळ हात दोन-तीन द्यावे. एकच जाड हात दिल्यास पापुद्रे सुटतात. विरवितांना चुना उसळतो, म्हणून मुलांना दूर ठेवावें व डोळे जपावे. पागोळीचें पाणी जेथें पडतें तेथें घराच्या सभोंवार दोन फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूस उतार असलेली दगडी फरशी घालावी. एवढ्यानें भिंतीचा पाया पुष्कळ टिकतो.

दुसरें सदर : धूर, सांडपाणी व शौचकूप

धुरानें डोळे व फुप्फुसें बिघडतात हें आतां सर्वमान्य आहे, आणि त्याचा पहिला मार चुलीपुढें बसणाऱ्या स्त्रीस व तिच्या मांडीवरील मुलास बसतो. उज्ज्वला योजना २०१६ सालीं सुरू झाल्यापासून पुष्कळ घरांत गॅसची टांकी आली आहे. तथापि पाणी तापविण्यास व भाकरीस लांकडाची चूल अजून चालूच असते. अशा घरांनीं निदान धुराड्याची चूल घालावी. धुराडें छपराच्या वर दोन-तीन फूट निघालें पाहिजे, व त्यांतील काजळी महिन्यांतून एकदां झाडली पाहिजे. नाहीं तर धूर पुन्हां घरांतच परततो. लांकूड वाळलेलें व बारीक फोडलेलें असल्यास धूर मुळांतच कमी होतो.

ज्याच्या गोठ्यांत चार-पांच जनावरें आहेत त्यानें शेणाच्या गॅसचा विचार जरूर करावा. २ घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारें ५० किलो शेण व तितकेंच पाणी लागतें, आणि चार-पांच माणसांच्या कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर होतो. १९८४ सालीं पुढें आलेला ‘दीनबंधु’ नमुना जमिनीखालीं विटांच्या घुमटाचा असल्यामुळें त्यास गंजणारी लोखंडी टांकी लागत नाहीं. शिवाय गॅस निघून गेल्यावर जी रबडी उरते ती शेतास उत्तम खत होते. म्हणजे शेण जळतही नाहीं व वायांही जात नाहीं.

सांडपाण्याकरितां शोषखड्डा हा सर्वांत स्वस्त उपाय. ४ फूट लांब, ४ फूट रुंद व ४ फूट खोल खड्डा घेऊन त्यांत तळाशीं मोठे दगड व वर लहान खडी भरावी. मध्यें भोंकें पाडलेला रांजण किंवा सिमेंटची टांकी बसवून तिच्या तोंडाशीं गाळणी ठेवावी, म्हणजे भाताचीं शितें, केंस व गाळ वरच अडकतात. ही गाळणी आठवड्यांतून एकदां धुवावी. नांदेड जिल्ह्यांत अनेक गांवांनीं असे खड्डे घरोघर करून उघडीं गटारें बंद केलीं व डांसांचा त्रास कमी केला. खड्डा विहिरीपासून निदान ५० फूट दूर असावा. भारी काळ्या जमिनींत पाणी लवकर मुरत नाहीं. तेथें खड्डा मोठा घ्यावा, किंवा सांडपाणी केळी, अळू व कर्दळीच्या वाफ्यांत फिरवावें.

शौचकूप बांधतांना सीमेंटच्या एकाच खोल टांकीपेक्षां दोन खड्ड्यांची पद्धति आम्हांस अधिक पसंत आहे. एक खड्डा भरला म्हणजे मधल्या चौकोनी कुंडींतून त्याची वाट बंद करून दुसऱ्याची उघडावयाची. पहिल्या खड्ड्यांतील मळ दीड-दोन वर्षांत कोरडें, बिनवासाचें खत होतो. ही गोष्ट ऐकून पुष्कळांस किळस येते. परंतु २०१७ सालीं केंद्र सरकारच्या स्वच्छता खात्याच्या सचिवांनीं तेलंगणांतील गंगादेवीपल्ली गांवीं अशा खड्ड्यांत स्वतः उतरून तें खत हातानें काढून दाखविलें. खरें महत्त्व असें कीं, ह्या पद्धतींत ताजा मळ उपसण्याचें काम कोणाही माणसावर येत नाहीं. जें काम आपण करणार नाहीं तें दुसऱ्याच्या माथीं मारणारें घर कितीही रंगविलें तरी स्वच्छ म्हणतां येणार नाहीं.

तिसरें सदर : पाणी, वीज व परसबाग

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें. हा हिशेब लक्षांत ठेवण्यास सोपा आहे. ४०० चौरस फुटांचें, म्हणजे सुमारें ३७ चौरस मीटरांचें छप्पर व ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर २२ हजार लिटर पाणी छपरावर पडतें, आणि पांचवा हिस्सा वायां गेला असें मानिलें तरी १७ हजार लिटर हातीं लागतें. पागोळीस पन्हळ लावून पहिल्या दोन-तीन पावसांचें मळकें पाणी सोडून द्यावें. पुढचें पाणी झांकणाच्या टांकींत घ्यावें व टांकी भरल्यावर शोषखड्ड्याहून निराळ्या खड्ड्यांत, विहिरीच्या वरच्या अंगास, मुरवावें.

विजेविषयीं प्रथम सुरक्षितता पाहावी. भूमिगत तार, म्हणजे अर्थिंग, नीट करून घ्यावें व मुख्य फळ्यावर गळती होतांच वीज तोडणारा ३० मिलि-अँपियरचा स्विच बसवावा. ओल्या हातानें मोटार किंवा कूलर चालू करतांना होणारे अपघात आपल्या खेड्यांतून नवे नाहींत. ह्या एका स्विचानें जीव वांचतो. त्यानंतर बचत. साधा छताचा पंखा सुमारें ७५ वॅट घेतो, बी. एल. डी. सी. जातीचा पंखा सुमारें ३० वॅटमध्यें तितकेंच वारें देतो. रोज १० तास व वर्षांत ३०० दिवस पंखा फिरला तर १३५ युनिट वांचतात. आपल्या बिलांतील युनिटच्या दरानें त्यास गुणिलें म्हणजे नव्या पंख्याची जादा किंमत किती वर्षांत फिटते तें प्रत्येकास घरीं बसून काढतां येईल.

परसबागेस फार जागा लागत नाहीं. एक शेवगा, एक कढीपत्ता, एक लिंबू, चार केळी, मांडवावर दोडका व कारलें, आणि दोन वाफ्यांत मेथी-पालक, एवढ्यानें भाजीच्या बाजाराची फेरी पुष्कळ कमी होते. शेवग्याचें लांकूड ठिसूळ असतें, म्हणून तो छपराजवळ लावूं नये, व दरवर्षीं छाटावा.

चवथें सदर : विसावा

आतां शेवटचें सदर. अंगणांत कडुनिंबाची सावली, दारापुढें बसण्याजोगा ओटा, सुंभानें ताणून विणलेली बाज, तुळईस भक्कम कडी ठोकून टांगलेला झोपाळा, आणि भिंतींत पुस्तकांकरितां एक लहान फडताळ, ह्यांस फार पैसा पडत नाहीं. परंतु घरांत बसावेंसें वाटण्यास हीं कारणें होतात. ज्याला स्वतःच्या ओट्यावर बसण्यांत गोडी वाटते तो संध्याकाळीं वाईट संगतीस व वाईट पेयास सहसा बळी पडत नाहीं. म्हणूनच ह्या सदरांत दरवर्षीं थोडें पडावें असें आम्हीं वर म्हटलें. मात्र विसाव्याची वस्तु हप्त्यानें घेऊं नये. जिचा हप्ता डोक्यावर आहे ती वस्तु विसावा देत नाहीं. हप्त्याची कोणतीही वस्तु घेण्यापूर्वीं सर्व हप्त्यांची बेरीज करावी व ती रोख किंमतीशेजारीं लिहावी; मग दुकानदारानें सांगितलेलें गोड व्याज आपल्या डोळ्यांस दिसेल.

खरेदी व कागदपत्र

विजेच्या वस्तूवर मानक संस्थेचा छाप पाहावा, पक्की पावती घ्यावी, व ती हमीपत्रासह एका पाकिटांत ठेवावी. गवंड्यास सर्व मजुरी आगाऊ देऊं नये. काम तीन भागांत वांटून पैसे तसेच द्यावे.

शेवटीं एक गोष्ट, जी आमच्या जुन्या नोकरीमुळें आम्हांस विशेष टोंचते. पुष्कळ लोक ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा हाच मालकीचा पुरावा समजतात. तो मुख्यत्वें करआकारणीचा कागद आहे. गांवठाणांतील जागांची ड्रोननें मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना २०२० सालीं सुरू झाली. आपल्या गांवीं तें काम झालें असल्यास पत्रिका काढून नांव, क्षेत्र व चतुःसीमा ताडून पाहाव्या. भावाभावांच्या सामाईक जागेंत वाटणी न होतां एकानें खोली बांधावी व पुढें तिच्यावरून दोन पिढ्या कोर्टांत जाव्या, अशीं प्रकरणें आम्हीं दप्तरांत कितीतरी पाहिलीं. वीट आणण्यापूर्वीं वाटणीचा रीतसर लेख करावा. आणि घरावर पतीबरोबर पत्नीचेंही नांव लावावें. जिनें त्या घराची जमीन सारविली तिला, दुर्दैवानें वेळ आलीच, तर त्याच उंबऱ्यावर परक्यासारखें उभें राहण्याची पाळी येऊं नये.

येत्या सुगीनंतर वाचकांनीं एक कागद घ्यावा, त्यावर चार सदरें पाडावीं, व घरांतील सर्वांस, विशेषतः बायकांस, जवळ बसवून प्रत्येक सदराखालीं काय येतें तें विचारून लिहावें. पहिल्या वर्षीं एकच काम होईल. तरी तें क्रमानें झालेलें असेल, आणि तें पुन्हां करावें लागणार नाहीं.