असील : आपल्या शेजारची अस्सल जात

संक्रांतीला आपण तिळगूळ वाटत असतो, त्याच दिवसांत इथल्या तेलुगू वर्तमानपत्रांत गोदावरी जिल्ह्यांतल्या कोंबडझुंजींच्या बातम्या येतात. ‘पंदेम कोडी’ म्हणजे काय, असे मग घरातली मुले विचारतात. त्यांच्यासाठी आणि आपल्यासाठीही ही थोडी माहिती.

पंदेम कोडी म्हणजे पैजेचा कोंबडा, आणि तो बहुधा असील जातीचा असतो. असील हा अरबी शब्द. अर्थ शुद्ध कुळाचा. आपला ‘अस्सल’ त्याच मुळातला. आंध्र, तेलंगण, छत्तीसगड आणि ओडिशा हा या जातीचा मुलूख.

ताठ उभी छाती, लांब मान, दणकट पाय, अंगासरशी बसलेली चकचकीत पिसे आणि डोक्याला चिकटलेला बुटका तुरा ही त्याची खूण. पूर्ण वाढलेला नर ४ ते ५ किलोंचा, मादी ३ ते ४ किलोंची. रंगावरून नावे पडली आहेत : सोनेरी-तांबडा तो पीला, काळा-तांबडा याकूब, पांढरा नूरी, काळा कागर. कोंबडी वर्षाला शंभराच्या आतच अंडी देते, पण खुडूक बसून पिल्ले वाढवण्यात तिचा हात धरणारी दुसरी नाही.

१२ व्या शतकातील पलनाडूच्या युद्धाची ठिणगी कोंबडझुंजीतून पडली, अशी तेलुगू लोककथा आहे. पुढे १९ व्या शतकात असील इंग्लंडमधील कॉर्नवॉलला गेला. तिथे त्याच्या संकरातून ‘इंडियन गेम’ ऊर्फ कॉर्निश जात तयार झाली. आजच्या ब्रॉयलरच्या पितृकुळात हीच कॉर्निश आहे. म्हणजे कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानातही असीलचा अंश आहेच.

पायाला सुरी बांधून कोंबड्यांना लढवणे क्रूरपणाचे आहे, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हाही आहे. मात्र पिढ्यान् पिढ्या ही जात निवडून जपली ती झुंजीच्या शौकिनांनीच. झुंज थांबली, तर जात कोण सांभाळणार?

त्याचे एक उत्तर आपल्याच शहरात आहे. राजेंद्रनगरच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात असीलचा कळप जतन केला आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील संस्थेने असीलपासून ‘कारी निर्भीक’ हा परसबागेसाठीचा संकर तयार केला. असीलची अंगची काटकता आणि सावधपणा त्यात उतरला आहे.

आपल्यापैकी अनेकांची शेती अजून गावाकडे आहे. तिथे कोणाकडे असील असतील, तर त्यांचा कळप वेगळा ठेवायला सांगावे. इतर कोंबड्यांत सरमिसळ होत गेली, की दोन-चार पिढ्यांत नाव असील राहते, पण कोंबडा अस्सल राहत नाही.